परिणामांतून शिक्षण



वर्गात मूल कशावरून शिकते? शिक्षकांच्या सांगण्यावरून, असे उत्तर सहज दिले जाते. मानसशास्त्राचे उत्तर थोडे निराळे आहे. आपल्या कृतीपाठोपाठ जे घडते, त्यावरूनही मूल शिकत असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी मांजरांवर केलेले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध झाले. पेटीत कोंडलेले मांजर धडपडता धडपडता योगायोगाने दार उघडी आणि बाहेर ठेवलेले अन्न मिळवी. पुढील खेपांस निरर्थक धडपड कमी होत गेली. उपयोगी पडलेली कृती तेवढी टिकली. यासच परिणामाचा नियम म्हणतात. पुढे स्किनर यांनी या विचाराचा विस्तार केला. सुख लाभल्याने जशी कृती दृढ होते, तशीच त्रास टळल्यानेही होते.

येथेच शिक्षकाने सावध व्हावे. वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाळ्याच्या तोंडी गावी परतते. मूल शाळेत येते. ‘इतके दिवस कोठे होतास?’ अशी सर्वांदेखत झडती होते, वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी ते मूल ओढ्याकाठी रमते. तेथे त्याला कोणी हसत नाही. शिक्षकाचा हेतू हजेरी वाढविण्याचा, परंतु दृढ झाली ती गैरहजेरी! हेतू शिक्षकाच्या मनात राहतो. मुलाच्या वाट्यास परिणाम येतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे, ती उगीच नव्हे.

याउलट उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या जुन्या हद्दीतच घडले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ साली ते कोसबाडला नेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे जमेना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. ही कुरणशाळा होय. त्यांचे कार्य मॉन्टेसरी विचारावर उभे होते. त्या विचारात शिक्षेस स्थान नाही, तसे बक्षिसाच्या आमिषासही नाही. काम साधल्याचा आनंद हाच तेथील परिणाम.

कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड येथील शिक्षकांनाही हे साधण्यासारखे आहे. परतलेल्या मुलास प्रथम निश्चित जमेल असे काम द्यावे; विटांचे थर मोजून गुणाकार करणे त्यास परके नसते. उत्तर बरोबर येताच, त्याच क्षणी, ते बरोबर आहे असे सांगावे. शाबासकी उशिरा मिळाली तर ती कशाबद्दल, हे मुलास उमगत नाही. मग एकेक पायरी चढवावी.

आठवड्याने हजेरीपट पाहावा. मूल येत नसेल, तर त्यास दोष देण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या कृतीचा परिणाम तपासावा.