औषधाचे आवरण



एमआरएनए औषध हा पेशीला दिलेला आदेश होय. ऋणभारित, नाजूक असा हा रेणू आवरणाविना वाटेतच नष्ट होतो. फायझरच्या लशीस प्रारंभी उणे ७० अंशांची शीतपेटी लागे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या लशीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता लाभली. ती २ ते ८ अंशांत टिकते. चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या परभणीच्या खेड्यांसाठी हा भेद मोलाचा आहे.

फायझरच्या लशीचे आवरण स्निग्ध कणांचे आहे. शास्त्रज्ञ आता धनभारित पॉलिमरची आवरणेही घडवीत आहेत. त्यांनी रेणूस घट्ट धरावे, पेशीत पोहोचताच सोडावे आणि देहास अपाय न करता स्वतः विघटित व्हावे, हीच कसोटी आहे. धरण्याहून वेळेवर सोडणे कठीण, हे अपरिग्रहव्रत जाणणाऱ्या समाजास निराळे सांगणे नलगे.