फलकावरील भट्टी आणि मरोद्याचे पाणी

मनातील इच्छेला चित्ररूप देऊन ते चित्र सतत दृष्टीसमोर ठेवावे, म्हणजे ध्येय गाठता येते, असा एक विचार अलीकडच्या काळात फार लोकप्रिय झाला आहे. जाड पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा एक फलक घ्यावयाचा, त्यावर इच्छित घराचे, विद्यापीठाचे, पदाचे अथवा प्रवासाचे चित्र चिकटवावयाचे आणि रोज सकाळी ते न्याहाळावयाचे, अशी ही पद्धत. इंग्रजीतून आलेल्या 'व्हिजन बोर्ड' या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला ध्येयफलक म्हणता येईल. 'द सीक्रेट' हा चित्रपट आणि त्याच नावाचे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून या पद्धतीचा प्रसार विशेष वाढला. ज्याचा ध्यास घ्यावा ते आपोआप आपल्याकडे ओढले जाते, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. हे कितपत खरे आहे?

या प्रश्नाचा विचार करण्यास भिलाई ही जागा योग्य आहे. कारण हे नगर प्रथम कागदावर उभे राहिले आणि मग भूमीवर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे अवघ्या चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलाद हे आरंभीचे उद्दिष्ट होते. ते पुढे पंचवीस लाख आणि नंतर चाळीस लाख टनांपर्यंत वाढविण्यात आले.

भिलाई म्हटले की कोणाच्याही डोळ्यांसमोर धगधगती भट्टी उभी राहते. मरोदा मात्र त्या चित्रात दिसत नाही. वस्तुतः तांदुला कालव्याचे पाणी कारखान्यासाठी साठविले जाते ते मरोद्याच्या जलाशयांत. आणि राजहऱ्याच्या खाणींकडे जाणारा लोहमार्ग जातो तोही मरोदा स्थानकावरून. पाण्यावाचून भट्टी थंड ठेवता येत नाही, आणि धातुकावाचून ती पेटविण्यास अर्थ उरत नाही. योजनाकारांनी भट्टीचे चित्र काढले आणि ते पाहत बसले, असे घडले नाही. भट्टीपासून मागे मागे येत त्यांनी पाणी कोठून, धातुक कोठून, नंदिनीचा चुनखडक आणि दूरचा कोळसा कोणत्या मार्गाने, हे प्रश्न सोडविले. सामान्य माणसाच्या ध्येयफलकावर भट्टी असते; मरोदा नसतो. त्या पद्धतीतील उणीव नेमकी येथे आहे.

मानसशास्त्रातील संशोधनही याच दिशेने बोट दाखविते. गाब्रिएले एटिंगेन आणि टॉमस वॉडन यांनी १९९१ साली वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या पंचवीस स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला यश मिळेल अशी अपेक्षा ज्यांनी बाळगली होती, त्यांचे वजन अधिक उतरले. परंतु सडपातळ झाल्याची रम्य चित्रे ज्या मनात रंगवीत होत्या, त्यांचे वजन वर्षाअखेर इतरांपेक्षा सुमारे अकरा किलोने कमी उतरले. अनुभवावर आधारलेली अपेक्षा माणसाला कामास लावते; स्वप्नरंजन मात्र ध्येय गाठल्याचे समाधान आधीच देऊन टाकते आणि हातापायांतील बळ काढून घेते. लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वी रोज काही मिनिटे कल्पना करण्यास सांगितले होते. काहींनी उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य मनात आणले, काहींनी प्रत्यक्ष अभ्यास करीत असल्याचे. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची तयारी आणि त्यांचे गुण दोन्ही सरस ठरले.

मरोद्यासारख्या वसाहतीत हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. एका पिढीपुढे कारखान्यातील कायम नोकरीचे चित्र होते आणि ते पुष्कळांच्या बाबतीत खरेही झाले. त्यानंतर कारखान्याची उत्पादनक्षमता वाढली, परंतु कायम कामगारांची संख्या मात्र मोठ्या प्रमाणात घटली. पित्याने भिंतीवर लावलेले चित्र पुत्राच्या उपयोगी पडेनासे झाले. त्याची जागा अनेक घरांत अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेने घेतली. जागा थोड्या आणि इच्छुक असंख्य, अशा परीक्षेत चित्र पाहणाऱ्या बहुतेकांना अपयश येणार हे गणितच सांगते. अशा वेळी 'तुझी इच्छाच कमी पडली' असे त्या तरुणाला सुचविणे ही क्रूरता होय. ज्या विचारात यशाचे श्रेय चित्राला आणि अपयशाचा दोष मात्र माणसाला दिला जातो, तो विचार न्याय्य नव्हे.

म्हणून फलक टाकून द्यावा काय? तसेही नाही. चित्र हे दिशा दाखविण्याचे साधन आहे आणि दिशा ठरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. फक्त फलकाची मांडणी बदलली पाहिजे. ध्येयाचे चित्र वरच्या कोपऱ्यात लहानसे असावे. त्याखाली त्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या उलट्या क्रमाने लिहाव्यात, त्या अगदी आज सायंकाळी करावयाच्या कामापर्यंत. शेजारी मोठ्या अक्षरांत अडथळा लिहावा, आणि त्यासमोर पेटर गोलविट्झर यांनी अभ्यासिलेल्या रीतीने एक वाक्य : 'अमुक घडले, तर मी तमुक करीन.' पाळीवरून थकून आल्यावर पुस्तक उघडवत नसेल, तर 'हातपाय धुतले की आधी दोन उदाहरणे सोडवीन' एवढे वाक्य पुरेसे आहे. फलकाचा एक भाग मोकळा ठेवावा, म्हणजे परिस्थिती पालटली तर चित्रही पालटता येईल. अडथळा प्रामाणिकपणे मांडून पाहिल्यावर एखादे ध्येय आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे दिसले, तर ते सोडून दुसरे धरणे हा पराभव नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चित्र ज्याच्या आयुष्याचे आहे त्यानेच ते निवडावे. आईवडिलांनी मुलासाठी चिकटविलेले चित्र बहुधा त्यांचे स्वतःचेच असते.

भट्टीचा उजेड रात्री दुरून दिसतो. मरोद्याचे पाणी दुरून दिसत नाही. परंतु भट्टी पेटती राहते ती त्या पाण्याच्या आधारावर. ज्याच्या फलकावर या पाण्यासाठी जागा आहे, त्याचे चित्र कामाला येण्याचा संभव अधिक.