आईचे दूध : जबाबदारी साऱ्या घराची
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर तान्ह्या बाळाच्या दुधाचा विषय कशासाठी, असे काहींना वाटेल. परंतु शाळेत येणाऱ्या मुलाच्या प्रकृतीचा पाया पाळण्यातच घातला जातो. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगत आली आहे. मध, गुटी, गाईचे दूध, यांपैकी काही नको. पहिले पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, काही घरांत पिळून टाकतात. रोगाशी लढण्याची पहिली शक्ती बाळाला त्यातूनच मिळते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात घसा सुकेल म्हणून चमचाभर पाणी पाजतात. त्याचीही गरज नाही; आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

हे पुष्कळ आयांना ठाऊक आहे. अडते ते सवडीपाशी. नवजात बाळाला दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजावे लागते. एका वेळेला २० मिनिटे धरली तरी रोजचे सुमारे पावणेतीन ते चार तास होतात. हे तास तिने कोठून आणावेत? उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायची असतात, पावसाळ्यात धानाची रोवणी असते. हंगाम थांबत नाही. आई बांधीत उतरली की बाळ घरी राहते.

विडी वळणारी आई घरीच असते, म्हणून ती मोकळी आहे असे आपण समजतो. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते; पाजायला बसली की तेवढ्या विड्या कमी. मग बाळ थोरल्या मुलीकडे जाते, मुलीच्या हाती बाटली येते आणि तिची शाळा बुडते. डब्याचे दूध महाग म्हणून ते पातळ केले जाते, बाटली नीट उकळली जात नाही. बाळाला जुलाब लागतात आणि वाचविलेली मजुरी औषधात जाते. एका घरातील दोन मुलांचे नुकसान एकदम होते.

१९६१ च्या कायद्याने नोकरदार स्त्रीला १२ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. रोवणीच्या मजूर स्त्रीला अशी रजा कोण देणार? ती घरानेच दिली पाहिजे.

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपण जाणतो. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे, याची आठवण मात्र कमी राहते.

म्हणून बंधूंनो, सहा महिने तिच्याकडे विड्यांचा हिशेब मागू नका. पाणी भरणे, सरपण आणणे आपण करा. तिच्या ताटात डाळ-भाजी आधी वाढा. तंबाखूचे सूप बाळापासून दूर ठेवा. साबणाने हात धुऊनच तिने बाळाला घ्यावे. कामावर जाणे अटळच असेल, तर स्वच्छ भांड्यात दूध काढून थंड जागी झाकून ठेवावे आणि तीन-चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे. दूध पुरत नाही असे वाटले, तर डबा आणण्यापूर्वी आशाताईंना किंवा परिचारिकेला विचारावे.

आणि थोरल्या मुलीला शाळेत पाठवा. उद्या तीही आई होणार आहे.