पीएचपीचं पुस्तक घेताना

पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला पुस्तक घेताय? मुखपृष्ठावर भुलू नका. आधी आवृत्तीचं वर्ष बघा, पुनर्मुद्रणाचं नव्हे. डिसेंबर २०१५मध्ये पीएचपी ७ आली आणि डेटाबेसला जोडणारी ‘मायएसक्यूएल कनेक्ट’सारखी जुनी फंक्शनं त्यातून कायमची गेली. रद्दीच्या भावात मिळणाऱ्या जाडजूड पुस्तकांत नेमकी तीच पानोपानी भेटतात. उदाहरण जसंच्या तसं टाइप करा, पडद्यावर एररच!

म्हणून दुकानातच डेटाबेसचं प्रकरण उघडा. तिथं डेटाबेसला जोडणारं पीडीओ आणि माहिती क्वेरीपासून वेगळी ठेवणारी प्रिपेअर्ड स्टेटमेंट दिसली, तर घ्यायला हरकत नाही. पासवर्ड एमडी-५ या सहज फोडता येणाऱ्या जुन्या पद्धतीने साठवायला सांगणारं पुस्तक मात्र फुकट मिळालं तरी नको. आणि हो, पीएचपी ६चं पुस्तक हाती लागलं, तर गंमत म्हणून जरूर चाळा. ती आवृत्ती कधी बाहेर आलीच नाही!