मातीने सांभाळलेली ठेव



आपल्या गोमंतकातील जांभ्या मातीचा तांबूस रंग हा तिच्यातील लोहखनिजांचा. ही खनिजे आणि पालापाचोळा कुजून झालेले सेंद्रिय द्रव्य शिसे, तांबे यांसारख्या जड धातूंना धरून ठेवतात. म्हणून ते विहिरीच्या पाण्यात सहसा उतरत नाहीत. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, परंतु रस्त्याकडेच्या मातीत साठलेले शिसे अद्याप पुष्कळसे तेथेच आहे. धरून ठेवणे म्हणजे नाहीसे करणे नव्हे. माती आम्लधर्मी झाली की ही पकड सैल होते. पाणी तुंबून प्राणवायू सरला की जिवाणू लोहखनिजे विरघळवतात आणि धातू मोकळे होऊ शकतात. मातीच्या सोशिकतेवर विसंबून आपण तिच्या पोटात विष घालू नये, एवढीच माझी नम्र विनंती.