घराची विक्री आणि घरातील वस्तूंचे वाद

(मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. निवृत्त शिक्षक म्हटला की तो मुलांवरील संस्कारांविषयी बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु आज मी एक अगदी व्यावहारिक विषय निवडला आहे. पेठांतील जुने वाडे जाऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या, वडील मंडळींनी घेतलेले लहान ब्लॉक विकून मुले बाणेर-बालेवाडीकडे राहावयास गेली, आणि आपल्या ज्ञातीत असे घर क्वचितच असेल की ज्याने गेल्या काही वर्षांत घर विकले नाही किंवा घेतले नाही. या व्यवहारात लाखांच्या रकमा सुरळीत ठरतात आणि भांडण मात्र पंख्यावरून, बंबावरून किंवा देव्हाऱ्यावरून होते. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीत जन्म घालवलेला माणूस आहे. तरीही या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण अशा भांडणाची झळ आमच्याच घराला लागली आहे.

१९८६ साली कसबा पेठेतील आमचे वडिलोपार्जित घर विकण्याचे ठरले. घेणारे गृहस्थ आपल्याच ज्ञातीतील, पलीकडच्या आळीत राहणारे, आमच्याकडे जाण्यायेण्यातले. इसार झाला, किंमत ठरली, पेढे वाटले गेले. घरातील कोणत्या वस्तू राहणार आणि कोणत्या जाणार, हे ना त्यांनी विचारले, ना आम्ही सांगितले. खरेदीखत होऊन ताबा देण्याच्या आठवडाभर आधी माझ्या थोरल्या काकांनी, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सुतार बोलावला. माजघराच्या भिंतीत बसवलेला सागवानी देव्हारा चौकटीसह काढला. ओटीवरचा झोपाळा उतरवला, आणि त्याच्या पितळी कड्या तुळईत पक्क्या रुतलेल्या असल्यामुळे त्या करवतीने तुळई कोरून काढल्या. आजी तेवढी म्हणाली, "अरे, देव आपले आहेत, देव्हारा भिंतीचा आहे. देव घे आणि चल." तिचे कोणी ऐकले नाही.

ताबा घ्यावयास ते गृहस्थ आले, तेव्हा माजघराच्या भिंतीला भगदाड आणि तुळईला खाच. त्यांनी शेवटच्या हप्त्यातले पाच हजार रुपये अडवून धरले. वकिलांच्या नोटिसा गेल्या आणि आल्या. दावा दाखल झाला नाही एवढेच. पण दोन्ही घरांतले हळदीकुंकू थांबले आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाची अक्षत आमच्या दारी आली नाही.

आता अण्णांचे चुकले कोठे? त्यांच्या मते घर विकले म्हणजे चार भिंती आणि जमीन विकली. पण आपल्या जुन्या सनदांतली भाषाच तसे म्हणत नाही. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, असे शब्द जुन्या मराठी दस्तऐवजांत सर्रास आढळतात, आणि आजही खरेदीखतात 'तदंगभूत वस्तूंसह' असे लिहिले जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ८ मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की घर विकले असता त्याची कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि घरासोबत कायम वापरासाठी असलेल्या इतर सर्व वस्तू घेणाऱ्याकडे जातात. त्याच अधिनियमाच्या कलम ३ नुसार जमिनीत रुजलेली झाडे, जमिनीत रोवलेल्या भिंती व इमारती, आणि त्या इमारतींच्या कायम उपभोगासाठी त्यांना जोडलेल्या वस्तू, या तिन्ही 'जमिनीला जोडलेल्या' समजल्या जातात. इसार झाल्यानंतर ताबा देईपर्यंत विक्रेत्याने मिळकत शहाण्या मालकाप्रमाणे सांभाळावी, असे कलम ५५ सांगते. तेव्हा तुळई कोरण्याचा अधिकार अण्णांना इसाराच्या दिवसापासूनच उरला नव्हता.

मग कोणती वस्तू घराची आणि कोणती आपली, हे ओळखावे कसे? न्यायालये सामान्यतः दोन गोष्टी पाहतात. एक, वस्तू किती पक्की बसवली आहे आणि ती काढताना वास्तूची मोडतोड होते काय. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, ती बसवण्याचा हेतू काय होता. घर अधिक सोयीचे व्हावे हा, की ती वस्तू नीट वापरता यावी हा. आमच्या घरालाच हे लावून पाहा. झोपाळ्याची फळी आणि साखळ्या आमच्या. तुळईतल्या कड्या घराच्या. देवांचे टाक आमचे. भिंतीत बसवलेला देव्हारा घराचा. तांब्याचा बंब आमचा. अंगणातला दगडी हौद घराचा. म्हणजे आजीने एका वाक्यात सांगितले, तेच कायद्याने कलमे घालून सांगितले आहे.

झाडांविषयीही असाच गैरसमज आढळतो. परसातला आंबा आजोबांनी लावला, म्हणून घर विकण्यापूर्वी तो तोडून लाकूड न्यावे, असे काहींना वाटते. रुजलेले झाड जमिनीबरोबर जाते. शिवाय महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, मग मालक कोणीही असो. भाडेकरूची गोष्ट मात्र निराळी. त्याने स्वतः बसवलेल्या वस्तू तो ताबा सोडण्यापूर्वी काढून नेऊ शकतो. जागा मात्र मिळाली होती त्या स्थितीत परत दिली पाहिजे, असे कलम १०८ सांगते. अर्थात भाडेकरारात वेगळे ठरले नसेल, तर.

वाड्यांचे दिवस सरले, तरी वाद सरले नाहीत. वस्तू तेवढ्या बदलल्या. आज देव्हाऱ्याच्या जागी मॉड्युलर स्वयंपाकघर आले, बंबाच्या जागी गीझर आला, झोपाळ्याच्या जागी वातानुकूलन यंत्र आले. यांपैकी कित्येक वस्तू स्क्रू काढला की निघतात आणि तरीही घराचाच भाग वाटतात. छताचा पंखा घराचा की मालकाचा? पडदे मालकाचे, पण पडद्यांचे दांडे कोणाचे? गच्चीवरचा सौरबंब एकट्याचा की सोसायटीचा? विजेचा मीटर महावितरणाचा असतो. पण त्याची अनामत रक्कम कोणाची? अशा प्रश्नांवर दोन समंजस माणसांचीही दोन मते होऊ शकतात. म्हणूनच मघाशी सांगितलेल्या कलम ८ च्या आरंभीचे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांचा आशय असा की, उभयतांनी वेगळे काही ठरवले नसेल, तरच पुढचा नियम लागू होतो. म्हणजे आधी बोलून ठरवण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. आपणच ती वापरीत नाही.

ही वाट म्हणजे एक साधी यादी. इंग्लंडात घर विकणारा मनुष्य कोणत्या वस्तू ठेवणार आणि कोणत्या नेणार, याचा एक छापील तक्ता भरून देतो. त्यात पडद्यांपासून बागेतल्या झाडांपर्यंत सारे येते. आपल्याकडेही महारेराच्या आदर्श करारनाम्यात बिल्डरने कोणती जडवस्तू व कोणती सोय द्यावयाची, हे परिशिष्टात नमूद करावे लागते. मग आपण आपापसात जुनी घरे विकताना तसे का करू नये? इसारपावतीबरोबरच दोन रकाने आखावेत. 'राहणार' या रकान्यात एकेक वस्तू संख्येसह लिहावी, 'नेणार' या रकान्यात तसेच लिहावे, आणि दोघांनी सह्या कराव्यात. एखादी जुनी कोरीव चौकट आजोबांची आठवण म्हणून न्यावयाची असेल, तर तेही घर दाखवतानाच सांगावे, तिच्या जागी साधी चौकट बसवून द्यावी आणि मग न्यावी. एखादी वस्तू घेणाऱ्यास वेगळ्या किमतीने द्यावयाची असेल, तर ती किंमत खरी लिहावी. मुद्रांकशुल्क चुकवण्यासाठी खुर्च्या-कपाटांची किंमत फुगवणे हे आपल्याला शोभणारे नव्हे.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने कोथरूडची सदनिका विकली, तेव्हा अशी यादी आम्ही केली. चार पंखे राहिले, दोन गीझरांपैकी नवा एक आम्ही नेला, स्वयंपाकघर जसेच्या तसे राहिले. अर्ध्या तासात सारे मिटले, आणि ताब्याच्या दिवशी घेणाऱ्या कुटुंबाने आम्हांलाच चहाला थांबवून घेतले.

बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पूर्वी विद्यार्थ्यांना नेत असे. तेथे जुन्या वाड्यांची कोरीव दारे आणि खिडक्या आहेत. ती जतन झाली, हे आपले भाग्य. पण प्रत्येक वेळी माझ्या मनात येई की दार हे घराला असते तेव्हाच दार असते. अण्णांनी काढून आणलेला देव्हारा आमच्या ब्लॉकमध्ये कोठेच बसला नाही. तो गॅलरीत ताडपत्रीखाली पडून राहिला आणि तेथेच त्याला वाळवी लागली.

१९९१ साली आजी गेली. तिच्या अंत्ययात्रेला ते गृहस्थ न बोलावता आले. त्या दिवशी अण्णांनी पाच हजारांचे नाव काढले नाही आणि त्यांनी तुळईचे नाव काढले नाही. पाच वर्षांनंतर दोन घरे पुन्हा बोलू लागली. पण मधली पाच वर्षे कोणी परत दिली नाहीत. एका कागदाच्या दोन रकान्यांनी ती वाचली असती.

म्हणून माझी मंडळाच्या चालकांना नम्र सूचना आहे की, अशा यादीचा एक नमुना छापून कार्यालयात ठेवावा आणि घर विकणाऱ्या-घेणाऱ्या प्रत्येक सभासदाला तो आवर्जून द्यावा. मोठ्या व्यवहारांसाठी वकील आहेतच. पण लहान गोष्टींतली मने सांभाळणे हे ज्ञातिमंडळाचेच काम आहे.