कृत्रिम पायाची ऋतुचर्या



ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, अश्विनीकुमारांच्या स्तुतिपर सूक्तात, विश्पलेचा उल्लेख येतो. संग्रामात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी तत्काळ धातूचा पाय बसवून दिला आणि ती पुन्हा चालू लागली, असा त्या ऋचेचा परंपरेने लावलेला अर्थ आहे. कृत्रिम अवयवाच्या अतिप्राचीन उल्लेखांमध्ये त्याची गणना होते. परंतु ऋचा पाय बसवल्यापाशी थांबते. पुढच्या ग्रीष्मात त्या पायाने विश्पलेला कसे पोळले, वर्षाऋतूत तो कसा सांभाळला, हे ती सांगत नाही.

आज चित्र फारसे वेगळे नाही. गावोगावी कृत्रिम अवयवांची शिबिरे भरतात. माप घेतले जाते, पाय बसवला जातो, काल कुबडीवर आलेला माणूस आज दोन पायांवर उभा राहतो. टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. तो क्षण खरोखरच मंगल असतो. पण वर्षाने त्याच घरी गेले तर अनेकदा तो पाय दाराआड किंवा कपाटाच्या मागे उभा केलेला दिसतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘त्यांना सवयच नको.’ वस्तुतः सवय नको असते असे नाही. पहिल्या उन्हाळ्यात फोड आलेला असतो, पहिल्या पावसाळ्यात तो चिघळलेला असतो, आणि पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी भेटलेले नसते.

आपल्याकडे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात ‘ऋतुचर्या’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला. ऋतू पालटला की आहारविहार पालटावा, हे त्याचे सूत्र. सबंध देहाला ऋतुचर्या लागते, तर देहाला जोडलेल्या पायाला ती का लागू नये?

त्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कृत्रिम पाय स्वतः बदलत नाही. बदलतो तो त्याच्या आत असलेला जिवंत पाय. शस्त्रक्रियेनंतर उरलेला पायाचा भाग सॉकेट नावाच्या कठीण कवचात बसतो. हे कवच त्या भागाच्या मापाबरहुकूम केलेले असते. परंतु जिवंत पाय कधी सुजतो, कधी आक्रसतो. उकाड्यात रक्तवाहिन्या विस्फारतात, पायात पाणी साचते आणि कालपर्यंत सहज चढणारे सॉकेट घट्ट होते. थंडीत, किंवा दिवसभर चालून झाल्यावर, तोच पाय बारीक होतो आणि सॉकेटमध्ये वरखाली सरकू लागतो. घट्टपणाने रक्ताभिसरण अडते, ढिलेपणाने कातडी घासते. यावरचा उपाय साधा आहे. कृत्रिम पायाच्या आत घालायचे मोजे निरनिराळ्या जाडीचे मिळतात. पाय ढिला वाटला की एक मोजा चढवावा, घट्ट झाला की एक उतरवावा. जाणकार माणूस बाहेर पडताना दोन-तीन मोजे पिशवीत ठेवतोच. दिवाळीच्या फराळानंतर वजन वाढले किंवा आजारपणात उतरले, तरी सॉकेट बसेनासे होते. अशा वेळी ओढूनताणून पाय घालू नये. तो बनवणाऱ्या तंत्रज्ञाकडे जावे.

आता ऋतूंकडे वळू. सर्वांत कठीण परीक्षा उन्हाळ्याची. सॉकेट प्लास्टिकचे, त्याच्या आत कित्येकदा सिलिकोनचे आवरण. दोन्हींतून उष्णता सहजी बाहेर पडत नाही. वारा लागत नाही, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. शिवाय पाय गमावलेल्या माणसाकडे उष्णता बाहेर टाकणारी त्वचाच कमी असते, आणि कृत्रिम पायाने चालण्यास श्रम अधिक पडतात. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर फारच अधिक. म्हणून इतरांना येतो त्याहून त्याला जास्त घाम येतो. कोकणातल्या दमट हवेत सॉकेट निसटू लागते; विदर्भाच्या कोरड्या उन्हात बाहेर सगळे वाळते, पण सॉकेटच्या आत ओलच राहते.

अशा वेळी दुपारी दहा मिनिटे आडोशाला बसून पाय काढावा, उरलेला भाग आणि सॉकेट दोन्ही कोरडी पुसावीत, मोजा बदलावा आणि पाय पुन्हा घालावा. यात लाजण्यासारखे काय आहे? चष्मा पुसताना कोणी लाजते का? पावडर भरपूर टोचू नये, घामाने तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच बोचतात. त्या भागावरचे केस वस्तऱ्याने काढू नयेत, त्यातून केसतूड होते. रात्री सौम्य साबणाने तो भाग, आवरण आणि मोजे धुवावेत आणि साबणाचा अंशही राहू देऊ नये. सिलिकोनचे आवरण उन्हात नव्हे, सावलीत वाळवावे. उन्हात तापलेल्या बंद मोटारीत कृत्रिम पाय ठेवू नये. उष्णतेने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो.

पावसाळा आला की ‘जयपूर फूट’चे मोल कळते. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर पंडित रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा पाय घडवला. पाश्चात्त्य बनावटीचा पाय बुटात घालण्यासाठी होता. त्याने मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. भारतीय शेतकऱ्याला तर हेच हवे होते. टायरला नवे रबर चढवण्याचे तंत्र वापरून शर्मा आणि सेठी यांनी रबराचा, अनवाणी चालता येईल असा पाय केला. १९७५ साली जयपुरात स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखोंपर्यंत विनामूल्य पोहोचवला. डॉ. सेठी यांना १९८१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भाताच्या खाचरात उभा राहणारा पाय हा आपल्या मातीतून उपजलेला विचार होता.

तथापि पाऊल पाण्याला दाद देत नाही म्हणून सगळा पाय जलाभेद्य ठरत नाही. गुडघ्याचा लोखंडी सांधा गंजतो, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी चढते. घरी येताच पाय कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवावा, चुलीपाशी नव्हे. पावसात मोजे वाळत नाहीत, म्हणून या दिवसांत त्यांचे जोड दुप्पट लागतात. ओला मोजा घालून दिवस काढणे म्हणजे नायट्याला निमंत्रणच. आणि पडण्याची भीती सर्वांत जास्त घराच्या उंबरठ्यातच असते. ओले रबर आणि गुळगुळीत फरशी यांचे जमत नाही. दारात जाड पायपुसणे, न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी, आणि कुबडी वापरत असल्यास तिच्या टोकाचे झिजलेले रबर पावसाआधी बदललेले, एवढ्या तयारीला फार पैसा लागत नाही.

थंडीचा त्रास निराळा. त्वचा कोरडी पडून भेगाळते. रात्री तेल किंवा मलम अवश्य लावावे, पण सकाळी पाय घालण्यापूर्वी ते पूर्ण धुऊन टाकावे. तेलकट कातडीवर सॉकेट धरत नाही. ओसरीवर ठेवलेला पाय पहाटे बर्फासारखा लागतो, म्हणून रात्री तो घरातच असावा. कित्येकांना थंडीत कापल्या जागी कळा येतात. काहींना तर नसलेल्या पावलाची बोटे दुखतात. हा मनाचा खेळ नव्हे. तुटलेल्या मज्जातंतूंची आणि मेंदूची ती खरी वेदना आहे. घरच्यांनी तिची थट्टा करू नये. शेकोटीपाशी मात्र सावध असावे. त्या भागातील संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे भाजले तरी उशिरा कळते. मधुमेहामुळे पाय गमावलेल्यांनी तर बाराही महिने रोज रात्री आरसा धरून उरलेल्या पायाचा तळभाग पाहावा, आणि दुसरे पाऊलही पाहावे.

कोणत्याही ऋतूत एक नियम अढळ आहे. लाली काही मिनिटांत गेली नाही, फोड आला, कातडी सोलवटली, तर पाय घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. एका दिवसाची विश्रांती टाळणारा माणूस पुढे महिनाभर अंथरुणाला खिळतो.

मोठी उदाहरणे आपल्यासमोर आहेतच. १९७१च्या युद्धात पाय गमावलेले इयान कार्डोझो पुढे बटालियनचे आणि ब्रिगेडचे नेतृत्व करते झाले. सुधा चंद्रन १९८४ साली पुन्हा रंगमंचावर नाचल्या. अरुणिमा सिन्हा यांनी २१ मे २०१३ रोजी कृत्रिम पायाने एव्हरेस्टचे शिखर गाठले. या कथांनी ऊर भरून येतो. परंतु वैशाखात बाजाराला जाऊन संध्याकाळी स्वतःच्या पायाने घरी परतणारी एखादी आजी कोणत्या शिखरावरून उतरून येते, याचाही विचार व्हावा.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे एक प्रश्न आहे. किती पाय बसवले, हा आकडा अहवालात येतो. वर्षाने किती पाय चालत आहेत, हा येतो का? दिलेल्या प्रत्येक पायामागे वर्षाकाठी तीन भेटी ठराव्यात. एक वैशाखात, एक श्रावणात, एक पौषात. भेटीत हार नको, भाषण नको. मोजे किती उरले, कातडी कशी आहे, सांधा कुरकुरतो का, इतके विचारावे. गरज असेल तर तंत्रज्ञापर्यंत गाडीने न्यावे. घरातल्या तरुणांनी आजोबांचे मोजे धुऊन वाळत घालावेत. सेवेचे हे रूप कोणाच्या नजरेत भरत नाही, पण पाय कपाटामागे जाण्यापासून वाचतो तो यानेच.

अश्विनीकुमारांनी विश्पलेला पाय दिला तो तिने पुढे चालावे म्हणून. दिलेला पाय तिन्ही ऋतूंतून चालत राहावा, हे पाहण्याचे काम आता समाजाचे आहे.